सामंताने हात कुठे ठेवायचे?

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात नुकत्याच रुजू झालेल्या मराठीच्या प्राध्यापिकेचा प्रश्न आहे. बी.ए.च्या वर्गाला विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ नेमलंय. (मुंबईहून एका गावात प्रयोगाला आलेली नाटकमंडळी वेळ काढायला खोटा खटला खेळते, त्यात आरोपी करते आपल्यातल्याच लीला बेणारेला, आणि खेळता खेळता तो खरा होऊन बसतो, असं हे नाटक.) मुलं ते कादंबरीसारखं वाचतात. कथानक तोंडपाठ, बेणारेचं स्वभावचित्र तोंडपाठ, ‘दांभिक समाज’ हे दोन शब्द प्रत्येक उत्तरात. हे सगळं रंगमंचावर घडायचं आहे, समोर माणसं बसलेली असणार, याचा उत्तरांत मागमूस नाही. गंमत म्हणजे यातलीच काही मुलं गावच्या जत्रेत नाटकात कामं करतात. वर्गात मंच नाही, मुलं ५३, तास ५० मिनिटांचा, आणि निम्म्या मुलींना उभं राहून वाचायचासुद्धा संकोच. काय करावं?

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची पाच-सहा वर्षं वाचतील. नोकरीच्या सुरुवातीला मी नाटक वर्गात ‘करून दाखवत’ असे. संध्याकाळी स्पर्धेच्या नाटकाच्या तालमी, दिवसा तास, त्यामुळे आवाज कायम तापलेला. खटल्यातले वकील सुखात्मे एका आवाजात, न्यायाधीश काशीकर दुसऱ्या, साक्षीदार पोंक्षे पाइप ओढत बोलावा तसा तिसऱ्याच. मुलं बेहद्द खूश. शेवटच्या बाकावरची झोपाळू मंडळीही जागी. मग पेपर तपासायला घेतले की पुन्हा तेच: ‘लीला बेणारे ही स्वतंत्र विचारांची स्त्री आहे.’ याचं कारण लक्षात यायला मला फार वेळ लागला. वाचताना कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, कुठलं वाक्य गिळायचं, हे सगळं मीच ठरवत होतो. मुलांना ठरवायला काही ठेवलंच नव्हतं. त्यांना एक बरा प्रयोग फुकटात बघायला मिळत होता, एवढंच. तुमचा आवाज चांगला असेल तर या मोहापासून जास्तच जपा.

आता मी कुठलंही नाटक शिकवताना एका प्रश्नापाशी हटून बसतो. हे वाक्य चालू असताना मंचावरचे बाकीचे काय करताहेत? वाक्याचा अर्थ गाइडात मिळतो. गप्प बसलेल्या माणसाचं काय चाललंय ते कुठल्याच गाइडात नसतं, कारण ते संहितेतही फारसं लिहिलेलं नसतं. ते वाचणाऱ्याने ठरवायचं असतं. मुलाने ते ठरवलं की तो प्रयोगाचा विचार करायला लागला, मग त्याला तसं सांगायची गरज पडत नाही.

सुरुवात अगदी कारकुनी कामाने करा. मी त्याला हजेरीपट म्हणतो, शिक्षकाला शोभेल असा. आडव्या ओळीत नाटकाची पानं, उभ्या रकान्यांत पात्रं. ज्या पानावर जे पात्र मंचावर आहे तिथे बरोबरची खूण, बोलत असेल तर खुणेभोवती गोल. बास. चार-चार मुलांच्या गटात एक तास लागतो. यात अभिनय नाही, लाजायचं काही नाही, शिवाय पुस्तक खरोखर उघडावं लागतं. (गाइडवरून हजेरीपट भरता येत नाही, हा मोठाच फायदा.)

या नाटकाचा हजेरीपट भरला की तीन गोष्टी मुलांच्या आपोआप नजरेत येतात. पहिली: खोटा खटला खेळायचा आणि आरोपी बेणारेला करायचं हे ठरतं तेव्हा ती मंचावर नसतेच, आत तोंड धुवायला गेलेली असते. म्हणजे तिच्या आधी ते प्रेक्षकांना कळलेलं असतं. ती बाहेर येईपर्यंतची मिनिटं प्रेक्षक कटात सामील असतात. दुसरी: तिसऱ्या अंकाचा मोठा भाग तिच्या रकान्यात खुणाच खुणा आहेत, गोल मात्र क्वचितच. साक्षीमागून साक्षी होतात आणि ती तिथेच असते, जवळजवळ न बोलता. पुस्तक वाचताना पानावर तिचं नाव दिसत नाही म्हणून ती आपल्या डोक्यातूनही जाते. नाट्यगृहात ती जाऊच शकत नाही, सतत समोर दिसते. आणि तिसरी, मला सगळ्यात आवडणारी: प्राध्यापक दामल्यांचा, म्हणजे ज्यांच्यापासून बेणारेला दिवस गेलेत त्यांचा, रकाना. एक वर्षी एका गटाने तो आखला, शेवटपर्यंत कोरा राहिला, तेव्हा त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं. एक मुलगी म्हणाली, ‘सर, आम्ही याचं स्वभावचित्र पाठ केलंय आणि हा तर आलाच नाही.’ त्या वर्षी मला दामल्यांवर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

यानंतर सामंत. शिकवण्यासाठी माझा लाडका माणूस. मंडळी मुंबईहून आलेली, हा स्थानिक, भोळा, कोर्टाचा खेळ काय असतो तेही याला ठाऊक नाही. पानामागून पानं तो नुसता उभा किंवा बसलेला. एकदा मी वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलाला सामंत केला. सत्तरी तालुक्यातला होता, दोन बस बदलून यायचा, हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायचा तोही पुटपुटत. बाकीचे बाकावर बसून वाचत होते. त्याला मी पुढे टेबलाच्या बाजूला उभा केला आणि एवढंच सांगितलं, तुझं वाक्य येईपर्यंत काहीही बोलायचं नाही. पहिली दोन मिनिटं तो ताठ. मग हात मागे. मग पुढे. मग खिशात. मग खिशातून काढून टेबलाच्या कडेवर. वर्गात हळूहळू हशा. मी वाचन थांबवलं आणि विचारलं, ‘हात कुठे ठेवू हे कळत नाहीये ना?’ तो म्हणाला, ‘नाही कळत.’ म्हटलं, सामंतालाही कळत नसणार.

तिथून पुढची २० मिनिटं वर्ग त्या हातांवर बोलत होता. कुणी म्हणालं त्याने खुर्च्या लावत राहावं, तो यजमानासारखा आहे. कुणी म्हणालं, नाही, शहरातल्या माणसांपुढे गावचा माणूस उगाच हालचाल करत नाही, एका जागी अंग चोरून उभा राहतो. (हे सांगणाऱ्या मुलीला ते घरूनच ठाऊक होतं.) एकाने शोधून काढलं की सामंताजवळ पुतण्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट आहे, तो पोपट हातात असू दे. बघा, नाटकाच्या शेवटी तोच पोपट सामंत हळूच बेणारेजवळ ठेवून जातो. तो आधीपासून प्रेक्षकांच्या नजरेत असेल तर शेवट वेगळा पडतो. पिशवीतून एकदम निघाला तर आणखी वेगळा. दोन्हीपैकी बरोबर कुठलं? मी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. कारण द्या म्हणा.

तो मुलगा नट झाला वगैरे काही नाही. पण साक्षीच्या प्रसंगात सामंत खिशातल्या कादंबरीतूनच साक्ष ठोकून देतो, तिथे त्याने हातातलं पुस्तक छातीशी धरून एका बोटाने पान उघडं ठेवलं, वाचताना माणूस ठेवतो तसं. ते मी सांगितलं नव्हतं.

संकोचाबद्दल तुम्ही लिहिलंय, त्यावर माझ्याकडे एक गोव्यापुरता उपाय आहे. आपली बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलतात. मराठी त्यांची शाळेची, देवळाची, नाटकाची भाषा. त्यामुळे मराठी संवाद वाचायला घेतला की त्यांचा आवाज आपोआप वरच्या पट्टीत, जत्रेच्या नाटकात जातो तसा जातो. म्हणून मी गप्प पात्रांच्या मनातलं कोंकणीत लिहायला लावतो. वहीत डाव्या बाजूला तेंडुलकरांचे संवाद, उजव्या बाजूला त्याच क्षणी न बोलणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते, घरच्या भाषेत. सामंतासाठी एकाने लिहिलं होतं, ‘हांव खंय येवन सांपडलों रे!’ बेणारेसाठी, आरोप पहिल्यांदा कानावर पडतो तिथे, एकीने तीनच शब्द लिहिले, ‘हो खेळ न्हय’ (हा खेळ नव्हे). दुसरीचं म्हणणं पडलं की इतक्या लवकर तिला ते कळत नाही, तेव्हा ती अजून हसतेय. झालं, वाद पेटला: बेणारेला खेळ संपल्याचं नेमकं कुठल्या ओळीवर कळतं? सगळ्यांनी पुस्तकात बोट ठेवून ओळ दाखवायची. पाच-सहा वेगवेगळ्या ओळी निघतात. दिग्दर्शक तालमीत पहिल्या आठवड्यात हेच तर करत असतो.

आता दहा सेकंद. खटल्याच्या शेवटी आरोपीला बोलायला दहा सेकंद दिले जातात आणि त्यानंतर बेणारेचं ते प्रदीर्घ स्वगत येतं. बाकी सगळे आहेत त्या अवस्थेत थिजलेले. पुस्तकात हे पान उलटण्याइतकं सोपं आहे. वर्गात मी मोबाइलवर घड्याळ लावतो आणि आधी नुसते दहा सेकंद शांत बसायला सांगतो. दहा सेकंद फार लांब असतात हो. सातव्या सेकंदाला कुणीतरी खोकतंच. मग एका मुलीला स्वगत वाचायला देतो आणि घड्याळ पुन्हा लावतो. कितीही भरभर वाचा, मिनिटांवर मिनिटं जातात. मग विचारायचं, दहा सेकंदांत हे मावलं कसं? हे ती खरंच बोलते की बोलत नाही? काशीकरांना, सुखात्म्यांना ऐकू जातं का? आपल्याला ऐकू जातं आणि त्यांना नाही, हे प्रेक्षकांना कळवायचं कशाने? प्रकाश बदलून? तिने जागा सोडून? की काहीच न करता, नुसतं बाकीच्यांनी श्वाससुद्धा न हलवता? इथे मुलांना पहिल्यांदा नीट दिसतं की मंचावरचा वेळ घड्याळाचा नसतो आणि तो कसा वाकवायचा हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. १९६७ साली सुलभा देशपांडेंनी हे पहिल्यांदा उभं केलं तेव्हा अरविंद देशपांडेंच्या दिग्दर्शनात हे प्रश्न सुटलेले होते. ते कसे सोडवले याची मुलांना उत्सुकता वाटते, पण ते नंतर. आधी सांगितलंत तर ते उत्तर होऊन बसतं.

थिजून उभं राहायचं काम मात्र बाकीच्यांकडून प्रत्यक्ष करून घ्या. सहा मुलांनी एका पोझमध्ये स्वगत संपेपर्यंत न हलता राहायचं. पोंक्षे झालेल्या मुलाने पाय पुढे टाकलेला असला तर त्याची पोटरी भरून येते. तो तक्रार करतो. ती तक्रार महत्त्वाची. लेखकाने एक ओळ लिहिली की नटाची पोटरी दुखते, हे त्याला आयुष्यभर लक्षात राहतं.

दाराची गोष्ट राहिली. ती माझ्यावरच गुदरलेली आहे. नाटक उघडतं तेच दाराच्या कडीने: बेणारेचं बोट तिच्यात चिमटतं, आणि कडी नीट सरकवली नाही तर ती बाहेरून लागते आणि माणूस आत अडकतो हे सामंत सांगतो. पुढे ती निघून जायला बघते तेव्हा दार उघडत नाही. वाचताना कडी कुणाच्या लक्षात राहत नाही. मी हे नाटक स्पर्धेसाठी बसवलं होतं. प्लायवूडचं दार, मागे विंगेत एक पोरगा, त्याचं एकच काम: क्यू आला की बाहेरून कडी घालायची. प्रयोगाच्या दिवशी तो चहा घेत होता. आमच्या बेणारेने पर्स उचलली, दाराशी गेली, जिवाच्या आकांताने दार ओढलं, आणि ते सताड उघडलं. पलीकडे हातात चहाचा ग्लास घेतलेला पोरगा. प्रेक्षागृहात पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हशा.

पण त्या बाईने जे केलं ते मी विसरत नाही. ती उघड्या दाराकडे बघत उभी राहिली. हशा थांबेपर्यंत. मग तिने स्वतःच्या हाताने दार लोटलं, आणि परत आत येऊन खुर्चीवर बसली. पुढचं नाटक चालू झालं. आम्ही स्पर्धेत कुठेच नव्हतो, ते सोडा. पण तेव्हापासून मी दर वर्षी वर्गाला विचारतो: दार उघडं असतं तर बेणारे गेली असती का? या प्रश्नावर गप्प बसणारा वर्ग मला अजून भेटलेला नाही. ‘गेली असती’ म्हणणाऱ्यांना विचारा, जाऊन कुठे, दामल्यांकडे? ‘नसती गेली’ म्हणणाऱ्यांना विचारा, मग लेखकाने कडीची एवढी तजवीज कशाला केली? स्त्रीचं शोषण, समाजाचा दांभिकपणा, तुमच्या अभ्यासक्रमात लिहिलेलं सगळं या एका दारातून आत येतं.

जमलं तर सुताराकडून एक जुनी सरकती कडी पाटीवर ठोकून आणा. वर्गात फिरवा. मुलांनी आपलं बोट त्यात घालून बघावं. माझ्याकडची कडी गंजली आहे, पण अजून चिमटा काढते.

जत्रेत काम करणाऱ्या मुलांबद्दल. त्यांना वर्गात कुणी विचारत नाही, आणि त्यांनाही वाटतं गावचं नाटक वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं. एक तास त्यांच्या ताब्यात द्या. प्रॉम्प्टर वही घेऊन विंगेत कुठे उभा राहतो, नट पाठ विसरला की तो कुणाकडे सरकतो, बाहेरून बोलावलेल्या नटीला एका तालमीत सगळ्या जागा कशा दाखवतात, पहाटे तीन वाजता खाज्यांच्या दुकानाकडे निघालेला प्रेक्षक पुन्हा कसा बसवतात. हे त्यांना ठाऊक असतं आणि तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं की लहान मुलं मंचाला टेकून बसतात, म्हणून त्यांच्या गावात खलनायक तलवार खाली ठेवत नाही, पोरं उचलतात! प्रेक्षक कुठे बसलाय यावर नट काय करतो ते ठरतं, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मी शोधूनही आणलं नसतं.

मग हेच उलट विचारायचं. देवळाच्या मंडपात काला, म्हणजे दशावतारी खेळ, होतो तेव्हा लोक तिन्ही बाजूंना बसतात. तसे लोक बसले तर कोर्टाचा पिंजरा कुठे ठेवाल? न्यायाधीशाची पाठ कुणाकडे? वर्गातले बाक भिंतीला सरकवा, तिन्ही बाजूंना मुलं बसवा आणि बेणारे मधे. दोन मिनिटांत ती मुलगी म्हणेल, ‘सर, कुठेही वळलं तरी कुणीतरी बघतंच.’ नंतर सगळे एका बाजूला बसवून तोच तुकडा पुन्हा. यात संवाद एकही बदललेला नसतो.

काल्याचं निघालंच आहे तर त्यातल्या राक्षसाला, संकासुराला, विसरू नका. तो आणि ब्राह्मण यांची जुगलबंदी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसते. समोरचा प्रेक्षक आणि त्या गावची खबर बघून ती वाढते-घटते. संहितेशिवायही नाटक उभं राहतं हे मुलांनी पाहिलेलं आहे. मग विचारावं की संहिता लिहून ठेवल्याने नक्की काय बांधलं गेलं आणि काय मोकळं राहिलं. तियात्राचंही, म्हणजे आपल्या कोंकणी गाण्यांच्या नाटकाचंही, तसंच. १८९२ मध्ये मुंबईत तियात्राचा पहिला प्रयोग झाला तेव्हापासून आजवर परदे (अंकासारखे भाग) आणि मधली कांतारां (गाणी) ही त्याची ओळख. मधलं कांतार पडद्यासमोर चालतं आणि मागे सामान बदलतं. आपल्या जुन्या मराठी नाटकांत ‘रस्त्याचा पडदा’ पुढे टाकून दोन पात्रं उगाच गप्पा मारतात, तेही मागे महाल लागेपर्यंत वेळ काढण्यासाठी. मुलं अशा प्रवेशाला ‘कथानकाशी असंबद्ध’ म्हणून मोकळी होतात. मागे चार माणसं घामाघूम होऊन दिवाणखाना लावताहेत हे एकदा डोळ्यांपुढे आलं की ती अशी टीका जरा जपून करतात.

संगीत नाटक नेमलेलं असेल तर पदं वगळून वाचायची खोड मोडायला हवी. पानावर चार ओळी, मंचावर आठ-दहा मिनिटं, वन्समोअर मिळाला तर आणखी. त्या वेळात समोरच्या पात्राने काय करायचं? हा पुन्हा सामंताच्या हातांचाच प्रश्न. आपल्या मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी यांनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ पासून पदं आटोपशीर केली, त्यात गाण्याच्या बदलत्या आवडीइतकाच समोर ताटकळलेल्या नटाचाही विचार असावा, असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा मागू नका.

‘घाशीराम कोतवाल’ नेमलेलं असेल त्या वर्षी तर फार बोलायचंच नाही. बारा मुलांना व्हरांड्यात एका ओळीत पाठमोरं उभं करा, मागे दोघांना कुजबुजायला लावा. ओळ वळली की काही नाही, पुन्हा पाठ फिरली की कुजबुज. १९७२ सालच्या प्रयोगात ब्राह्मणांच्या रांगेचीच भिंत आणि पडदा कसा झाला हे पाच मिनिटांत कळतं. ते वर्णन करून सांगायला मला कधीच जमलं नाही.

प्रयोग दाखवायचा प्रश्न उरतो. इंटरनेटवर चित्रीकरण असतं, तेवढं दाखवून भागवू नका. कॅमेरा बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर जातो आणि गप्प माणूस चौकटीबाहेर राहतो. म्हणजे आपण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तोच नेमका दिसत नाही. दाखवायचंच तर प्रत्यक्ष बघून आल्यानंतर दाखवा. आपल्याकडे त्याची वानवा नाही. कला अकादमीच्या स्पर्धा असतात, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे, मडगाव, साखळी, कुडचडेला रवींद्र भवनं आहेत, आणि काहीच नाही जमलं तर जत्रा आहेच. बघताना वर्गाचे दोन गट करा. एकाने फक्त बोलणाऱ्याकडे बघायचं, दुसऱ्याने काही झालं तरी बोलणाऱ्याकडे बघायचं नाही. परतीच्या बसमध्ये दोन वेगळी नाटकं बघितल्यासारखी भांडणं होतात.

पणजीला गेलात तर एक गंमत सांगून ठेवा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी कला अकादमीची इमारत बांधली तेव्हा नाट्यगृहाच्या बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांतले प्रेक्षक सज्ज्यांत बसवले. ते कधी हसत नाहीत, खोकत नाहीत, मधे उठून जात नाहीत. रिकाम्या प्रेक्षागृहात तालीम करणं आणि भरलेल्या प्रेक्षागृहात प्रयोग करणं यात काय फरक असतो, हे विचारायला यापेक्षा चांगली सोबत नाही.

गुणांचं काय, हे तुम्ही थेट विचारलं नाही, पण मनात असणारच, माझ्याही असतं. प्रश्नपत्रिका ‘बेणारेच्या व्यक्तिरेखेचे विशेष सांगा’ अशीच येणार आहे. मुलांना वेगळं उत्तर लिहायला लावू नका, त्याच उत्तरात पुरावा मंचावरचा द्यायला लावा. आधी ती लिहायची, ‘बेणारे सहनशील आहे.’ आता एका मुलीने लिहिलं, ‘तिसऱ्या अंकात बेणारे फारशी बोलत नाही पण मंचावर दिसत राहते, त्यामुळे प्रत्येक साक्षीच्या वेळी प्रेक्षक साक्षीदारापेक्षा तिच्याकडे बघतात आणि तिचं न बोलणं हेच उत्तर वाटू लागतं.’ तपासणारा कुणीही असो, या वाक्याला तो गुण देतो. मी बाहेरचे पेपर तपासले आहेत, पहिल्या पानावर असं एक वाक्य सापडलं की हात सैल होतो. चार प्रकारचे अभिनय, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक, ही व्याख्या मुलांना पाठ असतेच. तीही नुसती लिहू नका म्हणावं, सामंताचा पोपट यातल्या कुठल्या खात्यात जातो ते लिहा. आमच्या वर्गात त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

अंतर्गत गुणांसाठी निबंध मागण्याऐवजी मी तालमीची वही मागतो: हजेरीपट, डाव्या-उजव्या बाजूची पानं, आणि एका प्रवेशाचा आराखडा, कोण कुठे, दार कुठे, प्रेक्षक कुठे. ती इंटरनेटवरून उतरवता येत नाही. ५३ वह्या तपासायला त्रास होतो, खोटं सांगत नाही. म्हणून गटाला एक वही ठेवा, १३-१४ वह्यांत भागतं.

वेळेचा हिशेबही देतो. हजेरीपट एक तास, मनातलं लिहिणं एक, दहा सेकंद आणि थिजणं एक, दार एक, जत्रा आणि बाक सरकवणं दोन. सहा तास झाले. हे सहा तास मी सुरुवातीलाच घेतो, लेखकाचा परिचय आणि नाटकाची पार्श्वभूमी नंतर. त्या वेळी ती ऐकायला कान तयार असतात. सगळ्यांना अभिनय करायला लावू नका; ५३ पैकी आठ-दहा उभे राहिले तरी पुष्कळ, बाकीचे ठरवणारे. ठरवणाऱ्यांना उभ्या असलेल्यांपेक्षा जास्त काम असतं हे त्यांना लवकरच कळतं.

आणि बाक सरकवण्याचे ते दोन तास शक्यतो दिवसाचे शेवटचे मागून घ्या. फरशीवर लोखंडी पायांचा आवाज भयंकर येतो, आणि खालच्या वर्गात अर्थशास्त्र चालू असतं.